एका तासाच्या रस्त्यासाठी: शांतता समितीला खुलं पत्र

प्रति,
शांतता समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
आपलं तालुक्याचं गाव, खान्देश

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात, गणपती आणि ईद अगदी लागून आल्या म्हणून तुमची बैठक बोलावली होती. तिच्यात सर्वांत शेवटी एक अर्ज वाचला गेला. विसर्जनाचा मार्ग ठरला होता, डीजेवरून दरवर्षी होते ती वादावादी होऊन गेली होती, चहाचे कप खुर्च्यांखाली गेले होते. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून साहेबांनी कागद उचलला आणि वाचला: जानेवारीतला एक रविवार, सकाळी साडेसात ते साडेआठ, बसस्टँड ते जुनी नगरपालिका, समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांची अभिमान पदयात्रा, अंदाजे ३० जण, वाद्य नाही, ध्वनिक्षेपक नाही. ‘समलिंगी’ या शब्दापाशी साहेब अडखळले. मागच्या रांगेत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडं असलं काही नाही." दुसरं कुणी म्हणालं, "वातावरण बिघडेल." कागद परत फाइलीत गेला.

तो अर्ज माझा होता. मागून तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून मी बसलो होतो.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. बाजारपेठेत माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. याच बैठकीला मी चार वर्षं आमच्या मंडळाचा खजिनदार म्हणून आलोय. पावतीपुस्तकं, हमीपत्रं, मंडपासाठी रस्त्यात पाडलेल्या खड्ड्यांचे पैसे, सगळं माझ्या हातून गेलंय. त्यामुळं हे पत्र कुणा परक्यानं लिहिलंय असं समजू नका.

‘वातावरण बिघडेल’ हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं. ते बोलणारा माणूस वाईट नाही. गावात दगडफेक झाली त्या रात्री तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला होता आणि दोन्हीकडच्या पोरांना त्यानं हाताला धरून मागं लोटलं होतं. त्याला खरोखर काळजी वाटली असणार. तेव्हा त्याला रागानं उत्तर देणं मला पटत नाही. आजवर असे मोर्चे जिथं निघाले तिथं काय झालं, ते सांगतो.

ही प्रथा सुरू झाली न्यूयॉर्कात. २८ जून १९६९च्या पहाटे तिथल्या ग्रीनिच व्हिलेज भागात ‘स्टोनवॉल इन’ नावाच्या, समलिंगी माणसं जमायची अशा बारवर पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी तिथं नेहमीच्याच. गिऱ्हाइकांनी मान खाली घालून पोलिसांच्या गाडीत बसायचं, एवढंच ठरलेलं. त्या रात्री ती बसली नाहीत, आणि पुढं काही दिवस त्या गल्ल्या पेटलेल्या राहिल्या. बरोबर वर्षानं, २८ जून १९७० रोजी, त्याच भागातून सेंट्रल पार्कपर्यंत मोर्चा निघाला. त्याची परवानगी हातात पडली ती मोर्चा सुटायच्या दोन तास आधी. हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही: माणसं गोळा झालेली, फलक रंगवून झालेले, आणि शिक्क्याचा कागद अजून आलेला नाही. चालणारे इतके बिचकलेले होते की ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात त्यांनी सगळं अंतर कापलं. बघ्यांकडून फारसा त्रास झाला नाही. त्या भागातलं वातावरण बिघडलं होतं ते वर्षभर आधी, धाडीच्या रात्री.

आपल्या देशात पहिली फेरी निघाली कोलकात्यात, २ जुलै १९९९ला. माणसं किती, तर १५. अंगात पिवळे टी-शर्ट, आणि नाव साधं, ‘फ्रेंडशिप वॉक’. आपल्याकडं कानबाईच्या विसर्जनाला एकेका गल्लीतून याहून जास्त बाया निघतात. पण त्या १५ जणांना तेवढं चालायला काय धीर लागला असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो, कारण तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जिवंत होतं आणि वर्तमानपत्रात फोटो आला की नोकरी जायची भीती होती. पुढं नऊ वर्षांनी, २९ जून २००८ रोजी, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या तिन्ही शहरांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. मुंबईचा निघाला १६ ऑगस्टला.

त्या मुंबईच्या मोर्चात मी होतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. भायखळ्याला एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो, पाचही आपल्याच भागातले. ओव्हरटाइम आहे असं सांगून निघालो. ऑगस्ट क्रांती मैदानाबाहेर आदल्या दिवशीचे कागदी झेंडे पावसात भिजून पडले होते. दिवस मुद्दाम निवडला होता. देश स्वतंत्र झाला, पण इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलेलं कलम आमच्या मानेवर तसंच होतं. म्हणून मोर्चाचं नाव ‘क्विअर आझादी’, म्हणजे आमच्यासारख्यांचं स्वातंत्र्य, आणि मागणी अशी की हे कलम ज्यांनी आणलं त्या ब्रिटिश सरकारनं माफी मागावी. एक मुलगी पिशवीतून पुठ्ठ्याचे मुखवटे वाटत होती. मी हात पुढं केला.

गिरगाव चौपाटीच्या वाटेवर एका सिग्नलला गाड्या अडवून धरल्या होत्या. त्यांत एक पांढरी जीप होती. पाटीवर एमएच १९, म्हणजे आपल्या जळगावची. तोंडावर मुखवटा असूनही मी मान वळवली आणि एका बंद दुकानाच्या शटरकडं बघत चालू लागलो. जीपमध्ये कोण होतं, मला आजही माहीत नाही. पण तेवढ्या दोन मिनिटांत वडील, चुलत्यांचा ओटा, मळ्यातली विहीर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मुखवट्याचं इलॅस्टिक कानामागं रुतलं होतं, ते चौपाटी येईपर्यंत टोचत राहिलं. माझ्या पुढं लोक ढोलकीवर नाचत होते आणि मी मनानं त्या जीपमागं जळगावला पोचलो होतो.

त्यानंतरचा प्रवास सरळ झाला नाही. कोलकात्याच्या फेरीला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २ जुलै २००९ला, दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या खासगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. मुंबईचा मोर्चा पुढं पावसातून हिवाळ्यात गेला आणि त्याच्या मागंपुढं नाटकं, खेळ, चर्चा असा महिनाभराचा कार्यक्रम उभा राहिला. डिसेंबर २०११मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टनं पहिली पदयात्रा काढली. नागपुरात सारथी ट्रस्टमुळं ती प्रथा रुजली. मग ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला आणि एका सकाळीत आम्ही पुन्हा गुन्हेगार झालो. त्या दिवशी मी मुंबईत दादरच्या पुलावर बराच वेळ नुसता उभा होतो. वाटलं, संपलं आता, कोण कशाला रस्त्यावर येईल. पण माणसं आली. पुढची पाच वर्षं, कायद्यानं गुन्हेगार असताना, दरवर्षी परवानगी काढून, पोलिसांच्याच बंदोबस्तात मोर्चा निघत राहिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं आमच्यापुरतं ते कलम रद्द केलं. त्यांतल्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासानं माफी मागायला हवी, इतका उशीर झाला म्हणून. दहा वर्षांपूर्वी आम्ही पावसात माफीची मागणी करत चाललो होतो ती आठवण झाली, आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. तेव्हा मी गावी परतलेलो होतो. रडायला दुसरी जागा नव्हती.

२०१९च्या फेब्रुवारीत सुट्टी काढून पुन्हा मुंबईला गेलो. मुखवटे शोधावे लागले. ‘स्वीकार’ नावाच्या गटातले आईबाप पोरांच्या बरोबरीनं चालत होते. माझ्या आईच्या वयाची एक बाई, नऊवारी नाही, साधी सुती साडी, हातात फलक धरून उन्हात उभी होती. कंपन्यांच्या नावाचे टी-शर्ट घातलेले घोळकेही होते. त्यांच्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. पण त्या बाईपुढून मला लवकर हलता आलं नाही.

आता तुमच्यातला एखादा २०२० काढील, तर मीच काढतो. त्या वर्षी मुंबईत मोर्चाला परवानगी नाकारली गेली. देशात आंदोलनं चालू होती, काळ तापलेला होता. मोर्चाऐवजी आझाद मैदानावर नुसता मेळावा झाला, आणि तिथं दिलेल्या घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. मग करोना आला. मोर्चा पुन्हा रस्त्यावर आला तो २०२४च्या फेब्रुवारीत, त्याच ऑगस्ट क्रांती मैदानातून. हे लपवून तुमच्याकडून परवानगी घेणं मला जमणार नाही. पण विसर्जनात एखाद्या मंडळानं आगाऊपणा केला म्हणून तुम्ही गणपती बंद केले आहेत का? अटी घालता, जबाबदार माणसाची सही घेता, पुढच्या वर्षी त्याला आधी बोलावून समज देता. आमच्या अर्जावर माझी सही आहे. अटी घाला.

बैठकीनंतर तुमच्यातल्या एका ज्येष्ठांनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "झेंडा कोणाचा राहील?" प्रश्न अगदी योग्य होता. आपल्याकडं भांडणं झेंड्यावरूनच लागतात. तेव्हा घाईत मला नीट सांगता आलं नाही, इथं सांगतो. तो झेंडा १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर या कलावंतानं केला. आधी त्यात आठ पट्टे होते. पुढं गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो पट्टा गेला, मग आणखी एक गेला, आणि सहा उरले. मराठी बातम्यांत त्याला सप्तरंगी म्हणतात, पण मोजलेत तर सहाच भरतील. तो कुठल्या धर्माचा नाही, पक्षाचा नाही, जातीचा नाही. आमच्याकडं असा एकच झेंडा आहे. कापड सुरतेचं, शिवलाय आमच्यातल्याच एकानं, रात्री दुकान बंद झाल्यावर. जांभळा पट्टा आखूड पडला म्हणून त्याला शेवटी वितभर जोड दिलाय. पाहायचा असेल तर दुकानात या, घडी उलगडून दाखवतो.

राहिलं ‘आपल्याकडं असलं काही नाही’ हे वाक्य.

जळगाव तालुक्यातलं भादली बुद्रुक तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या अंजली पाटील तृतीयपंथी आहेत. २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांनी महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला, तो छाननीत बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४लाच सांगितलेलं आहे की माणसानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायची, आणि खंडपीठानं त्यांना स्त्री म्हणून लढायला परवानगी दिली. त्या निवडून आल्या. मतं कोणी दिली? मुंबईच्या नाही, पुण्याच्या नाही, भादलीच्या माणसांनी दिली. केळीच्या बागांत काम करणाऱ्या, सकाळी भुसावळच्या गाडीला लटकणाऱ्या लोकांनी दिली. तिथं वातावरण बिघडलं नाही.

आणि तुमच्या त्या बैठकीनंतर दोन दिवसांत मला तीन फोन आले, तिन्ही अनोळखी नंबरांवरून. पहिल्यानं, "तुम्हीच अर्ज केला होता ना?" एवढं विचारून फोन ठेवला. दुसरा माझ्याच वयाचा, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. तो पाऊण तास बोलला आणि शेवटी म्हणाला, हा नंबर सेव्ह करू नका. तिसरा आवाज कोवळा होता, पारोळ्याकडचा. म्हणाला, "काका, खरंच निघणार का? मी समोरच्या बाजूनं, लांबून बघितलं तर चालेल?" चालेल, म्हटलं. तो नसता आला तरी चाललं असतं, पण त्याला लांबून बघायला रस्त्यावर काहीतरी निघालं पाहिजे. आज त्याच्या वयाच्या पोरांपुढं एकच वाट आहे, रात्रीची गाडी धरून कल्याण-दादर गाठायचं. मीही तीच धरली होती. ज्यांना ती धरता येत नाही त्यांचं काय होतं, तेही आपल्या गावानं पाहिलंय. त्याचं कारण प्रत्येक वेळी पोटदुखी असं सांगितलं गेलं. मी याहून जास्त लिहीत नाही, त्या घरांतली माणसं हे पत्र वाचतील.

मिरवणूक कशी सांभाळायची हे खान्देशाला कुणी शिकवायला नको. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो, तो भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथं चादर चढते, मग रथ पुढं सरकतो. एवढा मोठा रथ अरुंद वळणावर आला की चाकाखाली मोगरी लावणारी माणसं असतात. दोर ओढणारे हजार, पण रथ कुणाच्या ओट्यावर चढत नाही तो मोगरीवाल्यांमुळं. शांतता समितीत बसताना मला नेहमी तेच काम आठवायचं. रथ कुणाचा हे न बघता योग्य जागी लाकूड ठेवायचं. आमच्या ३० जणांसाठी तेवढंच करा. एखादा दगड आला तर तो आमच्यावर येणार आहे, आमच्याकडून जाणार नाही. त्या वळणावर तुमच्यातले दोघं-तिघं नुसते उभे राहिले तरी दगड उचललेला हात खाली येईल, इतकी तुमची गावात पत आहे.

आता आईबद्दल थोडं. वडील गेले त्या हिवाळ्यात मी तिला सांगितलं. ती खळ्यात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होती. मी काय बोललो, कसं बोललो, आता आठवत नाही. ती काही बोलली नाही. वांगी एकेक करून सोलली, बोटांना चटके बसत होते तरी पाणी लावलं नाही. सोललेली सगळी बडगीत घातली, ठेचायला घेतली आणि मग मान वर न करता म्हणाली, "लोके काय म्हनतीन?" थोड्या वेळानं ताट पुढं केलं. "जेवी ले."

तिनं मला घराबाहेर काढलं नाही, याचं भाग्य आमच्यातल्या फार थोड्यांना मिळतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, आणि आमच्यातला एक जण दरवर्षी त्या दिवशी धुळ्याला लॉजवर जाऊन राहतो, कारण घरी बहीण येते आणि तिच्या सासरच्यांना तो दिसायला नको असतो. त्याच्या मानानं मी सुखात आहे. पण माझी आई आजही दर काही दिवसांनी तेच विचारते. लोके काय म्हनतीन. मी बरीच उत्तरं देऊन पाहिली. कायदा सांगितला, निकाल सांगितले, मुंबईच्या त्या सुती साडीतल्या बाईबद्दल सांगितलं. तिच्यावर परिणाम होत नाही, कारण तिच्या तोंडातले ‘लोके’ दिल्लीत राहत नाहीत, मुंबईतही नाहीत. ते तुम्ही आहात. ओट्यावर बसणारे, वर्गणीला दारात येणारे, मयताला खांदा देणारे. तुम्ही काय म्हणता याचीच ती सात-आठ वर्षं वाट बघतेय, आणि मागच्या बैठकीत तुम्ही हसलात.

तिला ते मी सांगितलेलं नाही.

मी तुमच्याकडं लग्नाचा हक्क मागत नाही, तो प्रश्न तुमच्या हातातला नाही. तुम्ही माफी मागावी असंही म्हणत नाही. बसस्टँड ते जुनी नगरपालिका हे अंतर चालत बारा मिनिटांचं आहे. आम्ही तासभर मागितला, कारण आमच्यात दोघी वयस्क तृतीयपंथी आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे. दुकान उघडताना तुमच्यातल्या अनेकांनी त्यांच्याच हातून नारळ फोडून घेतलाय. रविवार सकाळ निवडली कारण बाजार बंद असतो, शाळा नसते, लग्नाची वरात नसते. मार्ग बदलायचा असेल तर बदला, फक्त गावाबाहेरच्या बायपासवर पाठवू नका. मशिदीपुढून आणि मंदिरापुढून जाताना घोषणा थांबवू. गुलाल उधळणार नाही. शेवटी नगरपालिकेच्या पायरीवर संविधानाची उद्देशिका वाचू, आपापला कचरा उचलू आणि घरी जाऊ. दुपारी माझ्या खळ्यात भरीत-पुरीचं जेवण आहे. वांगी बामणोदची सांगितलीत. तुमच्यातले जे येतील त्यांचं ताट मांडलेलं असेल.

अर्जाची पोहोच माझ्याकडं आहे, आवक क्रमांक आणि तारखेसह. उत्तर मिळालेलं नाही. पुढची बैठक लागेल तेव्हा हा विषय ऐनवेळच्या विषयांत न घेता कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि जो काही निर्णय होईल तो लेखी कळवावा, ही विनंती. अर्ज वाचणाऱ्यांनी ‘समलिंगी’ हा शब्द पूर्ण वाचावा. मी या वेळी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि आई सोबत यायचं म्हणतेय.

आपला नम्र,
बाजारपेठेतला ठिबकवाला
(पूर्ण नाव, पत्ता आणि सही मूळ अर्जावर आहे)